भुलीची निवड आणि रक्ताचा हिशेब

स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत रक्त किती गेले याचा जाब रुग्णाचे नातेवाईक सामान्यतः शस्त्रवैद्याला विचारतात. आणि ते योग्यही आहे, कारण सुरी त्याच्या हाती असते, रोहिण्या बांधण्याचे काम त्याचे असते आणि एखादी गाठ सैल सुटली तर तिचे उत्तरदायित्व दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. परंतु त्याच टेबलाशी, रुग्णाच्या उशापाशी, जो दुसरा वैद्य उभा असतो, त्याने भुलीचे कोणते औषध निवडले, ते श्वासावाटे दिले की शिरेतून की पाठीच्या मणक्यांमधून, त्याचा अंमल किती खोल ठेवला आणि किती वेळ टिकवला, यांवरही त्या रक्ताचे प्रमाण पुष्कळ अंशी अवलंबून असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. भूल म्हणजे वेदना नाहीशी करण्याचा एक प्रकार, आणि कोणतीही दिली तरी परिणाम एकच, असा जो समज सुशिक्षित समाजातही रूढ आहे, तो गर्भाशयाच्या बाबतीत तर मुळीच टिकत नाही.

याचे कारण त्या अवयवाच्या रचनेत आहे. शरीरात अन्यत्र जखम झाली म्हणजे फाटलेली रक्तवाहिनी आकसते, प्लेटलेट तिच्या तोंडाशी गोळा होतात आणि मागाहून रक्त गोठून तोंड बुजते. गर्भाशयातही हे सर्व घडते, पण गर्भधारणा झालेल्या गर्भाशयाचा मुख्य भरवसा यावर नसतो. त्याची भिंत बहुतांशी स्नायूचीच असून मधल्या थरातील तंतू आडवेतिडवे एकमेकांत गुंतलेले असतात, आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्या जाळ्याच्या फटींमधूनच वाट काढतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटल्यावर हा ओघ उघडाच राहिला, तर काही मिनिटांत बाईचे प्राण जातील. तसे होत नाही, कारण वार पडताच स्नायू घट्ट आवळतो आणि त्याचे तंतू त्या वाहिन्यांना चहूबाजूंनी दाबून धरतात. प्रसूतिशास्त्रात त्यांना जिवंत बंधने म्हणतात, आणि ते वर्णन अगदी यथार्थ आहे. मूल पूर्ण वाढलेले असो वा गर्भ अवघा आठ-दहा आठवड्यांचा असो, रिकाम्या झालेल्या गर्भाशयाचे रक्त प्रथम थांबते ते या आकुंचनाने. मग ज्या औषधाने स्नायू शिथिल होतो ते औषध त्या बंधनांनाच सैल करणार, हे उघड आहे.

आणि श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व प्रभावी भुली स्नायू शिथिल करतात. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हापासून प्रसूतिवैद्यांना हा अनुभव येत गेला. खोल अंमलाखाली गर्भाशय इतके सैल पडे की आडवे आलेले मूल आत हात घालून वळवणे सुकर होई. पण तेच गर्भाशय मूल बाहेर आल्यावर वेळेवर घट्ट होत नसे आणि रक्त वाहत राही. एकाच गुणधर्माचा एका प्रसंगी उपकार आणि दुसऱ्या प्रसंगी अपकार व्हावा, हे भूलशास्त्रात वारंवार दिसते. ७ एप्रिल १८५३ रोजी जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले, ते रुमालावर थोडेथोडे टाकून, कळेच्या वेळेपुरते, सुमारे ५३ मिनिटे. राणी शुद्धीवरच होती. स्नो यांचे धोरण मुळात सुरक्षिततेचे होते. परंतु हलका अंमल गर्भाशयाच्या आकुंचनाला फारशी बाधा आणत नाही हाही त्याचा एक लाभ होता, आणि मात्रेचे हे तारतम्य आजच्या औषधांनाही जसेच्या तसे लागू आहे.

क्लोरोफॉर्म मागे पडले, ईथर ज्वालाग्राही म्हणून मागे पडले, आणि १९५१ साली इंग्लंडात चार्ल्स सकलिंग यांनी तयार केलेले हॅलोथेन १९५६ मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉनस्टोन यांनी रुग्णांवर वापरल्यावर थोड्याच काळात सर्वत्र रूढ झाले. ते पेट घेत नसे, त्याचा वास सुसह्य होता, रुग्ण लवकर झोपी जाई. आपल्याकडे तर ते स्वस्त म्हणूनही पुष्कळ वर्षे टिकले. परंतु गर्भाशय शिथिल करण्याच्या बाबतीत ते क्लोरोफॉर्मचाच वारसा चालवीत होते. आज वापरात असलेली आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही औषधेही मात्रेच्या प्रमाणात हेच करतात, कारण स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा ती आखडून टाकतात, आणि कॅल्शियमवाचून स्नायू आकसू शकत नाही. मात्रा अल्प असेल तर ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाने गर्भाशय पुन्हा घट्ट करता येते. मात्रा वाढत गेली की ते ऑक्सिटोसिनलाही दाद देत नाही, आणि मग औषधावर औषध देऊन उपयोग होत नाही, प्रथम वायूच बंद करावा लागतो.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे कोठे दिसत असेल तर तो गर्भपातानंतर पिशवी साफ करण्याच्या छोट्याशा शस्त्रक्रियेत, जिला लोक क्युरेटिंग म्हणतात. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानंतर ही शस्त्रक्रिया आपल्या देशात कायद्याच्या आश्रयाखाली रुग्णालयांतून होऊ लागली, आणि ती अवघ्या काही मिनिटांची असल्यामुळे तिच्यासाठी कोणती भूल द्यावी याचा विचार कित्येक ठिकाणी सहजगत्या उरकला गेला. शस्त्रवैद्य गर्भाशयमुखातून नळी आत सरकवतो, शोषणयंत्र चालू होते, आणि काचेच्या बाटलीत रक्त व गर्भाचे अवशेष उतरू लागतात. गर्भाशय रिकामे होत आले की ते नळीभोवती आवळत येते आणि भिंतीचा खरखरीत स्पर्श नळीच्या टोकातून हाताला कळतो; काम संपल्याची ती खूण असते. हॅलोथेनचा अंमल खोल असेल तर ही खूण नीट मिळत नाही. भिंत मऊ आणि लिबलिबीत लागते, नळीला पकड बसत नाही, बाटलीतील रक्ताची पातळी मात्र एकेक रेघ चढत जाते. आणि अशा मऊ भिंतीला हत्यार आरपार जाण्याचे भयही अधिक. शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलखाली, किंवा गर्भाशयमुखाच्या बाजूंना बधिर करणारे इंजेक्शन देऊन केलेल्या याच शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो, असे तुलनात्मक परीक्षणांतून पुनःपुन्हा निष्पन्न झाले आहे. केटामीन तर गर्भाशयाचा ताण कमी न करता उलट थोडा वाढवते; शुद्धीवर येताना रुग्णाला भयंकर भास होतात हा त्याचा दोष आहे खरा, पण रक्तदाब टिकवून धरण्याचा त्याचा गुण पुढे वर्णिलेल्या एका प्रसंगी फार मोलाचा ठरतो. माझे मत असे की, गर्भधारणा असलेल्या वा नुकत्याच संपलेल्या गर्भाशयावर शस्त्रक्रिया करताना केवळ श्वासावाटे खोल भूल देण्याचा शिरस्ता, दुसरा मार्ग उपलब्ध असेल तेथे, समर्थनीय राहिलेला नाही.

मात्र शिथिल गर्भाशय नेहमीच शत्रू असते असे नाही. गोव्याच्या मातीतून आलेले आणि मुंबईत कीर्ती मिळवलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला, गर्भ अकाली गळू नये म्हणून गर्भाशयमुखाला घालावयाचा टाका आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो टाका घालताना गर्भ आत जिवंत असतो. तेथे गर्भाशय आवळले तर हेतूच विफल व्हावयाचा, म्हणून तेथे शांत, निवांत गर्भाशयच इष्ट असते.

आता ज्या स्त्रीचे वय चाळिशीपुढे गेले आहे, जिच्या पिशवीत गाठी झाल्या आहेत, महिनोन्‌महिने अंगावरून जात असल्याने जी थकून गेली आहे आणि जिची पिशवी काढण्याचे ठरले आहे, तिची कैफियत निराळी आहे. येथे वार नाही, उघड्या पडलेल्या वाहिन्या नाहीत. गर्भाशयाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी मूत्रवाहिनीवरून आडवी जात असताना शस्त्रवैद्य ती शोधून, चिमट्यात धरून, बांधून टाकतो. राहतो तो कापलेल्या पृष्ठभागांतून आणि ओटीपोटातील नीलांच्या जाळ्यांतून होणारा पाझर. या नीलांच्या भिंती पातळ असतात, त्यांना चिमट्यात धरू गेल्यास अधिकच फाटतात. शस्त्रक्रियागृहाच्या रोजच्या बोलीत ज्याला ‘ऊझिंग’ म्हणतात, म्हणजे रक्त येताना दिसते पण बांधण्याजोगी एकही वाहिनी सापडत नाही, तो प्रकार बहुधा यांचाच असतो. येथे प्रश्न स्नायूच्या आकुंचनाचा नसून दाबाचा आहे, रोहिणीतील आणि त्याहूनही अधिक नीलांतील.

नीलांतील दाब वाढवणाऱ्या कित्येक गोष्टी भूलतज्ज्ञाच्या हातच्या आहेत. भूल उथळ राहून रुग्ण नळीवर खोकू लागला, पोटाचे स्नायू ताठरले, श्वासमार्ग अर्धवट अडला, किंवा उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडला नाही, की ओटीपोटातील नीला तटतटून भरतात आणि कोरडे होत आलेले क्षेत्र पुन्हा पाझरू लागते. अनुभवी शस्त्रवैद्य अशा वेळी हात थांबवून प्रथम उशाकडे नजर टाकतो, याचे कारण हेच.

पाठीतून दिलेली भूल या बाबतीत विशेष उपकारक ठरते. जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी १८९८ साली कोकेन वापरून तिचा पाया घातला. आज कंबरेच्या दोन मणक्यांमधून, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू जेथे संपते त्याच्या खाली, बारीक सुई घालून ब्युपिव्हॅकेनचे अवघे तीनएक मिलिलिटर द्रावण सोडले जाते. त्याने संवेदनेच्या नसा तर बधिर होतातच, पण रक्तवाहिन्यांना आकसून धरणाऱ्या नसाही तात्पुरत्या निकामी होतात. कंबरेखालच्या रोहिण्या व नीला सैलावतात, रक्त पायांकडे साठते, एकंदर दाब उतरतो आणि जखमेतील पाझर मंदावतो. शिवाय गर्भाशयाच्या आकुंचनाला तिची बाधा होत नाही, कारण ते आकुंचन मेंदूच्या हुकमावर अवलंबून नसते. मज्जारज्जू दुखावून कंबरेखाली लुळ्या पडलेल्या स्त्रियांनाही प्रसूतीच्या कळा येतात, हा त्याचा दाखला. म्हणूनच सिझेरियनमध्ये पूर्ण भुलीपेक्षा पाठीतल्या भुलीखाली रक्त कमी जाते. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समालोचनात १४१ परीक्षणांतील ९,५५९ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला होता, आणि पाठीतून भूल दिलेल्यांत रक्त चढवण्याची गरज सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले. त्यांत हाडांच्या व इतर शस्त्रक्रियांचाही भरणा होता, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेला लावणे धाडसाचे होईल. परंतु त्याची दिशा मला विश्वसनीय वाटते, कारण ती शरीरक्रियेशी जुळते.

दाब उतरल्याने रक्त वाचते, तर तो मुद्दामच का उतरवू नये, हा विचार अर्थातच पूर्वी झालेला आहे. १९४८ मध्ये एडिंबरोच्या ग्रिफिथ्स व गिलीज यांनी पाठीतल्या भुलीचा अंमल फार वरपर्यंत नेऊन, आणि १९५० मध्ये इंग्लंडातील एंडरबी यांनी औषधे व टेबलाचा उतार यांचा मेळ घालून, रक्तदाब जाणूनबुजून खाली आणण्याच्या पद्धती मांडल्या. शस्त्रक्रियेचे क्षेत्र कोरडे दिसे यात शंका नाही. पण मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांनाही त्याच दाबावर रक्त मिळत असते, आणि ज्यांच्या रोहिण्या वयाने कठीण झाल्या आहेत किंवा ज्यांच्या रक्तात मुळातच हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांना ही काटकसर महाग पडते. कोरडे क्षेत्र हे साधन आहे, साध्य रुग्णाचे प्राण. म्हणून आज बेताचा, स्थिर दाब ठेवण्याकडेच सुज्ञांचा कल आहे.

रक्त थांबवण्याचा शस्त्रवैद्यांचा आणखी एक उपाय म्हणजे जेथे छेद घ्यावयाचा तेथे वाहिन्या आकसवणारे औषध टोचणे. आणि येथे भुलीची निवड एका वेगळ्याच वाटेने आड येते. १८८८ व १८८९ साली हैदराबादेत, ज्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता त्या निजामाच्या आश्रयाने, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराखाली क्लोरोफॉर्म आयोगांनी जनावरांवर प्रयोग करून असा निर्णय दिला की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नसतो. श्वासावर नजर ठेवली की पुरे. हा निर्णय पूर्ण खरा नव्हता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली ॲड्रेनॅलिन दिले असता हृदयाची लय विस्कटून ते बंद पडू शकते. हॅलोथेनमध्येही हा दोष उतरला होता. योनिमार्गे पिशवी काढताना रक्त कमी जावे म्हणून ऊतींत ॲड्रेनॅलिन टोचण्याची चाल जुनी आहे. हॅलोथेनखाली ते फार जपून, अल्प मात्रेत टोचावे लागे, उलट पाठीतल्या भुलीत किंवा सेव्होफ्लुरेनखाली त्याची मुभा पुष्कळ अधिक मिळते. तेव्हा भुलीचे औषध स्वतः रक्त वाहवते की थांबवते एवढेच पाहून भागत नाही. शस्त्रवैद्याच्या हातातील कोणते साधन ते काढून घेते, हेही पाहावे लागते.

गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेत हा परस्परसंबंध प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. ॲड्रेनॅलिनऐवजी येथे बहुधा व्हॅसोप्रेसिन वापरतात. त्याची कुपी शंभर-दोनशे मिलिलिटर मीठपाण्यात विरळ करून गाठीभोवतीच्या आवरणात हळूहळू सोडली जाते, आणि पाहता पाहता गर्भाशयाचा गुलाबी पृष्ठभाग पांढुरका पडतो. सोडण्यापूर्वी शस्त्रवैद्य मोठ्याने सांगतो की व्हॅसोप्रेसिन देत आहे. भूलतज्ज्ञ इतर सर्व कामे बाजूला ठेवून पडद्यावरील नाडीच्या आकड्यावर दृष्टी खिळवतो. औषध चुकून शिरेत गेले तर रक्तदाब एकाएकी उसळतो, नाडी मंदावते आणि क्वचित हृदय थांबते. इकडे परिचारिका रक्ताने भिजलेले मॉप वजनकाट्यावर ठेवून कोरड्याचे वजन वजा करते. एका ग्रॅमला एक मिलिलिटर धरून आकडा फळ्यावर चढतो. केवळ नजरेने केलेला रक्ताचा अंदाज, विशेषतः स्राव मोठा असताना, बहुधा कमी भरतो. म्हणून हा काटा मला त्या खोलीतील कोणत्याही महागड्या यंत्राइतकाच आवश्यक वाटतो.

पाठीतल्या भुलीची एवढी स्तुती केल्यावर, ती जेथे प्राणघातक ठरू शकते तो प्रसंग सांगणे माझे कर्तव्य आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीतच रुजून ती नळी फुटली म्हणजे पोटात लिटर-दोन लिटर रक्त साठते. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ साली अशी फुटकी नळी काढून रुग्ण वाचवता येतो हे दाखवण्यापूर्वी अशा बहुतेक स्त्रिया दगावत. अशी रुग्ण येते तेव्हा तिचा रक्तदाब कधीकधी फसवा, जवळजवळ ठीक दिसतो, कारण शरीराने सर्व वाहिन्या आवळून उरलेले रक्त हृदय व मेंदूसाठी राखून ठेवलेले असते. पाठीत भूल दिली की तो आवळलेला बंदोबस्त एका क्षणात सुटतो आणि रक्तदाब कोसळतो. जी भूल रक्त वाचवते तीच, रक्त आधीच गेलेले असताना, जीव घेऊ शकते. येथे पूर्ण भूलच द्यावी लागते, आणि ती देताना दाब टिकवणारे केटामीन कामी येते. रक्त पातळ करणारी औषधे नुकतीच घेतलेल्या रुग्णांतही पाठीत सुई घालणे निषिद्ध ठरू शकते, कारण मणक्यांच्या आत रक्त साठून पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो.

हे सर्व आपल्या समाजाला विशेष लागू आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आठ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईचे अर्धा लिटर रक्त आणि तेरा ग्रॅम असलेल्या बाईचे अर्धा लिटर रक्त यांची किंमत सारखी नसते. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर आधी काही आठवडे लोह देऊन रक्त भरून काढण्याची तजवीज करणे हे कोणत्याही भुलीच्या निवडीपेक्षा अधिक फलदायी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी अंग गार पडू न देणेही तितकेच महत्त्वाचे. तापमान एखाद्या अंशानेही कमी झाले तर रक्तस्राव सरासरी १६ टक्क्यांनी वाढतो असे परीक्षणांच्या एकत्रित हिशेबावरून दिसते, आणि भूल, पूर्ण असो वा पाठीतली, अंग गार पाडतेच.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांना, माझे आग्रहाचे सांगणे आहे की शस्त्रक्रियेच्या दिवसापूर्वीच भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्या. हिमोग्लोबिनचा कागद त्यांना दाखवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे अन्य कोणतेही औषध चालू असेल तर ते न विचारता सांगा. दात काढताना किंवा बाळंतपणात पूर्वी रक्त फार गेले असेल तर तेही सांगा. कोणती भूल देणार आणि ती का निवडली, हे नि:संकोचपणे विचारा. हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगला भूलतज्ज्ञ त्याचे उत्तर आनंदाने देतो.